चार दिवस पट्ट्यांच्या दगडामागे: खानापूर, रामनगर, अनमोड

पहिला दिवस, शनिवार

बेळगावातून निघायला साडेसात झाले. भाचा धारवाडला कर्नाटक विद्यापीठात भूविज्ञानात एम.एस्सी. करतो. गाडी त्याची, हातोडा, छन्नी, दहापट भिंग आणि होकायंत्रही त्याचं. माझी होती ती बारा खणांची लाकडी पेटी, आमच्या शाळेसाठी सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली.

खानापूर तालुक्यात मी बावीस वर्षं भूगोल शिकवते. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित हे तीन प्रकार मुलं धडाधड म्हणून दाखवतात. रूपांतरिताचं उदाहरण विचारलं की संगमरवर, स्लेट, नाइस. नाइस म्हणजे काय, तर पट्टिताश्म. आणि पट्टिताश्म म्हणजे काय, तर गप्प. ज्या मुलाच्या घरामागं धुण्याचा दगडच पट्टिताश्माचा आहे, तोही गप्प. हे मला फार लागतं. म्हणून ही पेटी.

याआधी एक प्रयत्न झाला होता. सहा वर्षांपूर्वी एका सुट्टीत मी पोतंभर दगड जमवले, प्रत्येकाबरोबर कागदाची चिठ्ठी बांधली आणि शाळेच्या कपाटात ठेवले. आमच्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. कपाटाची मागची भिंत पाझरली, चिठ्ठ्यांचा लगदा झाला, उरलेल्या वाळवीनं खाल्ल्या. दगड तसेच होते, पण कुठला कुठून आणला ते एकाचंही सांगता येईना. देखणे होते, तरी शिकवायच्या कामाचे राहिले नाहीत. शेवटी शाळेच्या बागेत झाडांभोवती लावले. त्या दिवशी ठरवलं होतं, पुन्हा गोळा करीन तर दगडाच्या अंगावरच लिहीन.

बेळगाव ते खानापूर सव्वीस किलोमीटर. एवढ्याशा वाटेत पायाखालचा काळच बदलतो. बेळगावच्या आसपास दख्खनच्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, हद्द संपत येते. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दक्षिणेला तो विरळ होत जातो आणि त्याच्याखाली दबलेला जुना खडक वर येतो. नेमकी रेघ मात्र रस्त्यावरून दिसत नाही. वर तांबडी माती, जांभा, भाताच्या खाचरांचे बांध. भाचा दर दोन मैलांवर गाडी हळू करून रस्त्याकडेच्या खोदकामाकडं बघत होता. मीही बघत होते, पण मला जांभ्याशिवाय काही दिसलं नाही.

या मुलखाच्या खडकांवर रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली प्रबंध लिहिला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत. त्याच्या नावातच ‘दक्षिण मराठा प्रदेश’ आहे. आम्ही जिथं राहतो त्या मातीखाली काय आहे, हे इतक्या आधी कुणीतरी चालत फिरत बघून लिहून ठेवलंय, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

खानापूरला मलप्रभेच्या पुलाजवळ चहा घेतला. हे पाणी पूर्वेला जातं, कृष्णेला मिळतं, बंगालच्या उपसागरात पोचतं. लोंढ्याच्या पुढं ओढे पांढरी नदीला मिळतात, पांढरी काळी नदीला, आणि काळी कारवारला अरबी समुद्रात. मुलांना हे नकाशावर दाखवते, पण गाडीतून तो पाणलोट ओलांडताना दरवेळी खिडकीला नाक लावून बसते.

दुपारी रामनगर. इथं आमच्या लांबच्या नात्यातल्या आजी राहतात. सुप्याचं धरण झालं तेव्हा जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि उठलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी या वसाहतीत आली. त्यातलंच हे एक घर. उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं सार, तळलेली मिरची. जेवण झाल्यावर मागच्या पडवीत हात धुवायला गेले आणि तिथंच खाली बसले.

पडवीत जातं होतं. वरची पाळ बाजूला काढून भिंतीला टेकवलेली. तिची आतली बाजू झिजून झिजून आरशासारखी झालेली, आणि त्या झिलईत पट्टे. पांढरा, राखाडी, पांढरा, काळा, पुन्हा पांढरा. पेटीत ठेवायला मी जे शोधायला निघाले होते ते इथं पडवीत, पिठाच्या वासात.

“आजी, हे जातं कुठलं?”

“कुठलं म्हंजे? आमचंच. सुप्याचं.”

“दगड कुठला पण?”

आजी जवळ आल्या, पाळीवर तळवा ठेवला. “नदीपल्याडचा. उताराजवळ मोठा खडक होता, तिथं पाथरवट बसायचा. माझ्या सासूनं सांगून करून घेतलं. दोन पायली भात दिलं त्याला. आता तो खडक पाण्यात, ती वाटबी पाण्यात.” मग माझ्या हातातल्या भिंगाकडं बघून म्हणाल्या, “फोडायचं नाही हां, बाई.”

“नाही हो आजी,” भाचा म्हणाला, “नुसतं बघतो.”

तो अर्धा तास बघत होता. पाथरवटानं दगड पट्ट्यांना आडवा कापला होता, म्हणून झिजताना पट्टे असे उघडे पडले. सरळ पट्ट्यांच्या दिशेनं कापला असता तर वरून एकरंगीच दिसला असता. हे त्या माणसानं सहज केलं की जाणून, कोण सांगणार. पण पट्ट्यांना समांतर पाळ काढली तर अभ्रकाच्या थरावर ती सुटण्याची भीती असते, हे दगडात हात घातलेल्या माणसाला कळत असणारच.

दुसरा दिवस, रविवार

अनमोड. या सगळ्या खटाटोपाचं मूळ तिथं आहे.

अनमोड घाटातल्या पट्टिताश्माचं वय १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीनं, म्हणजे दगडातल्या किरणोत्सारी रुबिडियमचं किती स्ट्रॉन्शियम झालं ते मोजून, काढलं गेलं: ३४० कोटी वर्षं, चौदा कोटी इकडं-तिकडं. चौदा कोटींची चूकभूल हे ऐकून मुलं हसतात. मी त्यांना सांगते, आपल्या बेळगावचा काळा दगड सगळा मिळून साडेसहा कोटींचा. त्याची दोन आयुष्यं या चूकभुलीत मावतात. बेंगळुरूच्या लालबागेतला खडक लोक बघायला जातात, त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे, आणि त्याचं वय सुमारे तीनशे कोटी सांगतात. आमच्या तालुक्याला लागून असलेल्या घाटात त्याहून जुनं काही उभं आहे, आणि गोव्याला जाणारी वाहनं त्याच्या कडेनं हॉर्न वाजवत जातात.

या खडकाची जात ट्रॉन्ढेमाइटी. नॉर्वेतल्या ट्रॉन्ढेम गावावरून पडलेलं नाव. मूळ ग्रॅनाइटाच्या भावकीतला, पण त्यात फेल्स्पार या खनिजाचा सोडियमवाला प्रकार जास्त, पोटॅशियमवाला कमी, म्हणून गुलाबी झाक जवळजवळ नाही, रंग उजळ राखाडी. मग तो खोल गाडला गेला, तापला, दाबाखाली ताणला गेला. वितळला मात्र नाही. घट्ट राहूनच आतल्या खनिजांनी जागा बदलल्या, फिकट एकीकडं, गडद एकीकडं, आणि पट्टे झाले. वितळला असता तर पट्टे पुसले गेले असते. वर्गात हे सांगताना मी चुलीवरच्या गुळाचं उदाहरण देते आणि दरवेळी ते अपुरं पडतं.

सकाळी धुकं होतं. राष्ट्रीय महामार्ग ७४८, वळणं, ट्रक. एका रुंद जागी गाडी पूर्ण बाजूला घेतली, मागं-पुढं लाल कापड लावलं आणि रस्त्याच्या कापाशी, म्हणजे रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगराच्या भिंतीशी, उभे राहिलो. वरचा भाग मातकट, शेवाळलेला. खाली कमरेएवढ्या उंचीवर ताजा दगड. भाच्यानं होकायंत्र टेकवून पट्ट्यांची दिशा आणि कल घेतला, वहीत लिहिला. मी हात लावला. गार होता, ओलसर. फिकट राखाडी अंगावर काळे धागे, एका ठिकाणी ते धागे वळून परत आपल्याच अंगावर आलेले, साडीच्या निऱ्यांसारखे. आणि त्या सगळ्यांना तिरकी छेदून गेलेली हाताच्या पंजाएवढी रुंद गारेची शीर. ती शीर पट्ट्यांना कापते, म्हणजे ती पट्ट्यांनंतर आली. कुणीही सांगायला नको, डोळ्यांनी वाचता येतं.

पायाशी एक तुकडा पडला होता. बेताचा, मुठीत बसेल एवढा, एक बाजू स्वच्छ फुटलेली, चार-पाच पट्टे स्पष्ट. मी उचलला.

“मावशी, ठेव ते.”

“पडलेलाच आहे रे.”

“पडलेला असला तरी. ही हद्द जंगलाची आहे.”

त्याचं बरोबर होतं. घाटाच्या या बाजूला काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान, त्या बाजूला गोव्याचं भगवान महावीर अभयारण्य. १९२७च्या भारतीय वन कायद्यातच वनोपजाच्या व्याख्येत खडक आणि खनिजं येतात. परवानगीशिवाय जंगलातून दगड नेणं म्हणजे लाकूड नेण्यासारखंच. ही परवानगी संशोधन संस्थेला मिळते, रविवारी आलेल्या भूगोलाच्या बाईला नाही, आणि तसंच असायला हवं. दरवर्षी शंभर शिक्षकांनी हातोडा मारला तर त्या कापाचं काय उरेल?

तरी खरं सांगते, तो तुकडा खाली ठेवताना जीव तुटला. जसा होता तसा, त्याच बाजूनं ठेवला. फोटो काढले, मापाला पट्टी ठेवून. फोनमधून अक्षांश-रेखांश लिहून घेतले. परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

तिसरा दिवस, सोमवार (शाळेला सुट्टी होती)

संध्याकाळी आजींना सांगितलं होतं की फोडलेला दगड कुठं मिळेल का बघा. सकाळी त्यांचा शेजारी हजर. चाळिशीचा, भाताची मळणी आटोपलेला, थोडा मोकळा.

“बाई, दगडच पायजे तर माझ्या विहिरीवर चला. दोन वर्षं झाली, ढीग तसाच पडलाय. न्या की हवा तेवढा.”

त्याच्या खाचराच्या कडेला विहीर. छत्तीस फूट खोल, पाणी तळाशी निळसर. भाच्यानं कठड्यावरून वाकून बघितलं आणि मला बोलावलं. इतका चांगला फळ्यावरचा धडा मी कधी बघितला नव्हता. वर पुरुषभर तांबडी माती. त्याखाली मुरूम, पिवळट. त्याखाली पांढरट थर, आणि त्या थरात पट्टे होते! आम्ही खाली तीन पायऱ्या उतरलो. त्या पांढऱ्या थराला बोट लावलं तर तो पिठासारखा सुटला. दगड कुजून माती झालेला, फेल्स्पारची पांढरी शाडू झालेली, पण पट्टे जागच्या जागी. काळ्या पट्ट्यांचा गंज होऊन तपकिरी रेघा राहिलेल्या. त्याच्याखाली हळूहळू घट्ट होत जाणारा, आणि मग सुरुंगाच्या भोकांच्या अर्धगोल खुणा असलेला कातळ, निळसर राखाडी, ताजा.

आमच्या पट्ट्यातला पाऊस असा आहे की कोटी कोटी वर्षं टिकलेला दगडही वरून कुजतो. म्हणून चांगला नमुना उघड्या माळावर मिळत नाही. नदीचं पात्र, रस्त्याचा काप, नाहीतर विहीर. मला हे पुस्तकातून माहीत होतं. विहिरीत उतरल्यावर ते बोटाला लागलं.

“कातळ लागला तेव्हा पैसे संपले होते,” शेतकरी म्हणाला. “सुरुंगवाल्यानं सांगितलं, हा दगड लई आडमुठा, एका बाजूनं फुटतो, दुसऱ्या बाजूनं घण उडतो.”

आता ढीग. ट्रॅक्टरभर दगड, वर वेल चढलेले. भाचा प्रत्येक दगड आधी फिरवून बघतो, मग मारतो. पट्ट्यांच्या काटकोनात धार धरून एक घाव, मग जरा सरकवून दुसरा. डोळ्यांवर चष्मा सक्तीचा, कारण गारेचा कपचा काचेसारखा उडतो. पहिले सहा-सात वाया गेले. एकाची कड चुरगळली, एक सुरुंगाच्या तडाख्यानं आतूनच तडकलेला निघाला.

सातवा की आठवा जो फुटला त्यावर आम्ही दोघं वाकून बसलो. तळहाताएवढा, दोन बोटं जाड. ताज्या बाजूवर मी काळे पट्टे मोजले: तेवीस. सगळ्यात बारीक शिवणीच्या दोऱ्याएवढा, सगळ्यात जाड करंगळीएवढा. उन्हात फिरवला की फिकट भागातले काही कण एकदम लकाकतात आणि किंचित कलला की विझतात. तो फेल्स्पार. त्याला सपाट फूट असते, म्हणून तो एका कोनात आरशासारखा चमकतो. त्याच्या मधे मधे लकाकत नाहीत पण पारदर्शक दिसतात, खडीसाखरेसारखे, ते क्वार्ट्ज, आपली गार. काळ्या पट्ट्यात भिंग धरून नखानं टोकरलं तर पापुद्रा सुटला, तपकिरी काळा, वाकणारा. कृष्णाभ्रक. काही काळे कण मात्र सुटेनात, लांबट, सुईसारखे, सगळे एकाच दिशेला निजलेले. भाचा म्हणाला, हॉर्नब्लेंड हे खनिज असावं, पण धारवाडला पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय तो लिहिणार नाही. हे काप ०.०३ मिलिमीटर जाडीचे करतात, तेव्हा दगडातून उजेड आरपार जातो.

ढिगात एक वेगळा तुकडाही सापडला, हिरवट काळा, पानापानांनी सुटणारा. तो सुभाजा, म्हणजे शिस्ट. त्यात अभ्रक इतकं की तो थरावरच सुटतो. पट्टिताश्म पट्ट्यांवर सुटतोच असं नाही, पट्टे तोडूनही फुटतो. दोन्ही हातात घेऊन फोडले की मुलांना हा फरक पुन्हा कधी सांगावा लागणार नाही.

दुपारपर्यंत अकरा पट्टिताश्म आणि एक सुभाजा. प्रत्येक सातशे-आठशे ग्रॅम. शेतकऱ्याच्या घरून ताक आलं. त्याची मुलगी, आठवीतली, ढिगावर बसून सगळं बघत होती. तिनं विचारलं, “बाई, हा दगड किती जुना?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडले. अनमोडचा आकडा जिभेवर होता. जात तीच, रंग तोच, बघणाऱ्याला पटलंही असतं. पण ३४० कोटी हे वय अनमोडच्या दगडाचं आहे, या विहिरीच्या दगडाचं कुणी काढलेलं नाही. याच मुलखात त्यापेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण पट्टिताश्मही आहेत. तिला मी तेच सांगितलं: घाटातल्या दगडाचं वय इतकं, हा त्याच्या भावकीतला दिसतो, पण याचं वय काढायचं बाकी आहे. तिनं जरा विचार केला. “मग याच्यावर काय लिहिणार?”

“तुमची विहीर.”

तिला ते आवडलं असावं. घरात जाऊन आईला सांगून आली.

आणखी एक गोष्ट भाच्यानं लिहायला लावली. ढिगातला दगड मूळ जागचा नसतो. सुरुंगानं उडाला, ट्रॅक्टरनं सरकला. त्यामुळं पट्टे मुळात कुठल्या दिशेला होते, वरची बाजू कुठली, हे याच्यावरून सांगता येत नाही. त्यानं विहिरीच्या भिंतीवर वेगळी मापं घेतली आणि नमुन्यांच्या पुढं लिहिलं: “ढिगातून. जागेवरून नव्हे.”

चौथा दिवस, मंगळवार

परत बेळगाव. वाटेत फार थांबलो नाही, भाच्याला संध्याकाळपर्यंत धारवाड गाठायचं होतं. त्यानं पातळ कापासाठी दोन वेगळे तुकडे नेले.

रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर दगड धुऊन, ब्रशनं घासून वाळवले. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला व्हाइटनरचा छोटा चौकोन, तो वाळल्यावर काळ्या शाईनं आकडा, त्यावर नखांच्या पारदर्शक पॉलिशचा हात. आता भिंत पाझरो की वाळवी येवो. मग जाड पुठ्ठ्याची वही काढून एकेक ओळ भरली. आकडा, तारीख, गाव, कुणाच्या जमिनीतला, किती फुटांवरचा, ढिगातला की जागेवरचा, कुणी फोडला, डोळ्यांना काय दिसतं. वयाचा रकाना मी आखलाच नव्हता. तो आखला आणि बाराही ओळींत “काढलेलं नाही” असं लिहिलं.

पेटीचे बारा खण भरले. वहीत मात्र अजून दोन ओळी लिहायच्या होत्या.

१३. पट्टिताश्म, फिकट राखाडी, घड्या पडलेले पट्टे, तिरकी गारेची शीर. अनमोड घाट, रस्त्याचा काप. नमुना घेतलेला नाही. फोटो चार, अक्षांश-रेखांश सोबत. प्रसिद्ध वय ३४० कोटी वर्षं.

१४. पट्टिताश्म, जात्याची पाळ, पट्टे आडवे कापलेले. जुनं सुपा, नदीपल्याड, उताराजवळचा खडक. जागा पाण्याखाली. माहिती: आजी. नमुना रामनगरात त्यांच्या पडवीत.